माती लावा, पण तळपाय सोडून

स. न. वि. वि.

मी ५८ वर्षांची, निफाड तालुक्यातली. मधुमेह अकरा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरवा, व्यायाम करा. आमच्या धाकट्या जाऊबाई उरुळी कांचनच्या आश्रमात दहा दिवस राहून आल्या. तिथल्या मातीच्या पट्ट्यांनी पोट साफ झालं, पाय हलके झाले, असं सगळ्यांना सांगतात. ते ऐकून लेकीने एका रिसॉर्टचं सात दिवसांचं ‘मड डिटॉक्स’ पॅकेज शोधलंय. फोनवर तिथली बाई म्हणाली, माती अंगातलं विष ओढून घेते आणि आठवड्याभरात शुगरच्या गोळ्यासुद्धा बंद होतात. आमचे हे म्हणतात, मातीला कशाला पैसे घालवायचे, आपल्या द्राक्षाच्या बागेतली काळी माती घमेलंभर आणतो, लाव घरीच. (तळपाय जरा बधिर वाटतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, पण ते वयाचं असेल.) तर जावं, घरी करावं, की नादच सोडावा? खरं सांगायचं तर सात दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागणार नाही, याचाच मोह जास्त आहे.

— एक वाचक, निफाड

ताई, नमस्कार.

मातीबद्दल तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. त्यांच्याआधी मी तुमच्या पत्रातलं कंसातलं वाक्य घेते, कारण सगळ्या पत्रात महत्त्वाचं तेच आहे.

पायातून चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं की कळतं, हे वयाचं नाही. अकरा वर्षांच्या मधुमेहात हे दिसलं तर पायाच्या नसा मंदावल्यात असंच आधी धरायचं. ही बधिरता बोटांपासून सुरू होते, तळव्यावर पसरते आणि मोजा चढवावा तशी घोट्याकडे वर सरकते. दुखत नाही, म्हणून बायका सांगत नाहीत. सांगितलं तरी असं कंसात सांगतात. डॉक्टरांकडे याची तपासणी पाच मिनिटांत होते. नायलॉनचा एक जाडसर तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून ‘लागलं का’ ते सांगायला लावतात. ट्युनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवून कंप जाणवतो का ते बघतात. ही तपासणी या आठवड्यात करून घ्या. तोवर घरातसुद्धा अनवाणी फिरू नका, चप्पल मागे पट्टा असलेली घ्या, आणि रात्री झोपताना तळवे बघायची सवय लावा. वाकून दिसत नसतील तर जमिनीवर आरसा ठेवून बघायचे, नाहीतर यजमानांना बघायला सांगायचं.

मातीचा आणि या बधिरतेचा संबंध असा की मातीच्या उपचारात जे काही काम होतं त्यातलं बहुतेक काम तापमान करतं. थंड पट्टी अंगातली उष्णता खेचते, गरम लेप अंगाला शेक देतो. शेक किती झाला, पुरे झाला का, भाजतंय का, हे ठरवते आपली कातडी. ती कातडीच गप्प बसली तर माणूस शांतपणे पडून राहतो आणि तिकडे फोड येतो. मी फिजिओथेरपीची माणूस. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेल्या पोटऱ्या आणि टाचा मी पुष्कळ पाहिल्यात, आणि त्यातली बरीचशी माणसं मधुमेहीच होती. ‘छान ऊब लागत होती, डोळा लागला,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा पायावरची जखम भरायला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि कधीकधी भरतच नाही. म्हणून घोट्याच्या खाली माती नाही. गरम नाही, थंडही नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांच्या भेगांत तर अजिबात नाही, कारण मातीतले जंतू आत शिरायला तेवढी फट पुरते.

आता मातीकडे वळू.

यजमान ‘माती ती माती’ म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे. मातीत जादू नाही. पण ओल्या मातीच्या अंगी एक गुण खरोखर आहे. गरम पाण्यात पाय बुडवले की पाणी हलतं, वरखाली फिरतं आणि सगळी उष्णता भराभर कातडीला येऊन भिडते. चिखल असा हलत नाही. त्यात पाणी भरपूर असतं, पण ते मातीच्या बारीक कणांमध्ये अडकून बसलेलं असतं, म्हणून उष्णता हळूहळू सुटते. जेवढं गरम पाणी सोसवत नाही तेवढा गरम चिखल सोसवतो आणि वीस मिनिटं झाली तरी तो ऊबदार राहतो. शिवाय तो गुडघ्याच्या वाटीभोवती, खळग्याखळग्यांत नीट बसतो. रबरी पिशवी तशी बसत नाही. थंड पट्टीचं उलट असतं. तिच्यातलं पाणी उडत जातं तसतशी ती गार होते आणि खालचा भाग गार करते.

यात आपली दख्खनची काळी माती चांगली कामाची. बेसाल्ट खडकापासून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्यातल्या चिकणमातीचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. मुलतानी मातीतही त्याच कुळातली खनिजं असतात. पाणी धरून ठेवायची ताकद त्यांच्यामुळे येते.

गुडघेदुखीवर गरम मातीचा उपयोग होतो का, यावर इटली, हंगेरी, तुर्कस्तान, इस्राएल अशा देशांत अभ्यास झालेत. बहुतेकांचं सांगणं असं की दुखणं आणि आखडलेपणा काही आठवडे कमी होतो, काहींना दोन-चार महिनेसुद्धा बरं वाटतं. झीज मात्र भरून येत नाही. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांच्यात एक अडचण आहे जी सहजी टाळता येत नाही: माती लावली की नाही हे रोग्याला बहुतेकदा कळतंच. गोळीच्या अभ्यासात साखरेची खोटी गोळी देता येते, इथे ओळखू न येणारा खोटा चिखल देणं तितकं सोपं नाही. म्हणून निकाल ऐकताना थोडा हात राखून ऐकायचा. तरीही इटलीत आबानो नावाच्या गावी गरम झऱ्याच्या पाण्यात माती दोनेक महिने मुरवून ती रोग्यांना लावतात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असली तर तिथली सरकारी आरोग्यसेवा वर्षातून एकदा बारा बैठकांच्या अशा उपचाराचा बराचसा खर्च उचलते. तेव्हा हा नुसता अडाणीपणा आहे असं यजमानांनी म्हणू नये. दुखऱ्या गुडघ्याला आराम देणारा हा एक चांगला शेक आहे. त्याच्यापलीकडे काही दावा कुणी केला की मात्र कान टवकारायचे.

त्या फोनवरच्या बाईंनी असे दोन दावे केले.

पहिला, माती विष ओढून घेते. चिकणमातीच्या कणांना तेलकटपणा आणि काही रसायनं चिकटतात, हे खरं. म्हणून मुलतानी माती लावली की चेहऱ्यावरचं तेल जातं. पण हे कातडीच्या वर असलेल्या गोष्टींचं झालं. रक्तातलं काही कातडीतून बाहेर ओढून काढणं मातीला जमत नाही, आणि ते कोणतं विष, त्याचं नाव काय, किती होतं, किती उरलं, हे कुणी सांगतही नाही. पुढच्या वेळी फोन आला तर एवढंच विचारा, ‘ताई, त्या विषाची लॅबमध्ये तपासणी कुठे होते?’ नको असलेलं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. तुम्हाला मूत्रपिंडांची काळजी असेल, आणि अकरा वर्षांच्या मधुमेहात ती असायलाच हवी, तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. त्या पॅकेजच्या मानाने ही तपासणी अगदीच स्वस्त आहे.

दुसरा दावा जास्त घातक आहे: गोळ्या बंद होतात. अशा ठिकाणी पहिल्या तीन-चार दिवसांत साखर खरंच उतरते, आणि त्याचं कारण ताटात असतं. दोन दिवस रस, मग उकडलेल्या भाज्या, भाकरी अर्धी, गोड बंद. घरी हे केलं तरी साखर उतरेलच. मग ‘बघा, माती लागू पडली’ म्हणून गोळ्या बंद करायच्या, आणि घरी परतून पुरणपोळीचा पहिला सण आला की साखर पुन्हा वर.

याला दुसरी बाजूही आहे, ती कुणी सांगत नाही. उपास चालू आणि गोळ्याही नेहमीच्याच चालू, हेसुद्धा धोक्याचं आहे. तुमच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून पाकीट हातात घेऊन बघा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड लिहिलं असेल तर रसाच्या उपासात साखर सत्तरच्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, छाती धडधडणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. असं झालं की माती-बिती सगळं बाजूला ठेवून आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर उपासात रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर थेट रुग्णालय. म्हणून कुठेही जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना तिथला आहार दाखवा आणि कोणती गोळी कमी करायची, कोणती थांबवायची, हे त्यांच्याच हातून लिहून घ्या. गोळ्या कमी होऊच नयेत असं माझं म्हणणं नाही, वजन उतरलं तर होतीलही. पण तो निर्णय रिसॉर्टच्या रिसेप्शनवर व्हायचा नाही.

तुमच्या जाऊबाईंच्या उरुळीबद्दल थोडं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले होते. त्याआधी ते पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गुंतले होते, पण तिथे गरीब माणूस येणार नाही असं वाटून त्यांनी खेडं निवडलं. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम उभा केला आणि चालवला. गांधीजींना मातीचा नाद जर्मन निसर्गोपचारक अडोल्फ युस्ट यांच्या पुस्तकामुळे दक्षिण आफ्रिकेत लागला. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हा त्यांचा जुना त्रास. थंड पाण्यात भिजवलेली स्वच्छ माती कापडावर थापून ते रात्री पोटावर बांधत. पट्टीचं मापसुद्धा त्यांनी लिहून ठेवलंय: तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड. मुलगा रामदास याच्या हाताला बोटीवर दुखापत झाली तेव्हा आधीची मलमपट्टी सोडून, जखम धुऊन, त्यांनी तिच्यावर महिनाभर माती बांधली आणि ती भरली, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. रामदास सुखरूप राहिला हे त्याचं नशीब. उघड्या जखमेवर माती म्हणजे धनुर्वाताला निमंत्रण. ते वाचून कुणी तसं करू नये.

आणि हेच गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, तेव्हा काय केलं? १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. निसर्गोपचाराचं नाव काढलं की ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. मातीवर त्यांच्याइतका भरवसा ठेवणारा माणूस आपल्याकडे दुसरा झाला नसेल. तरी वेळ आली तेव्हा ते टेबलावर झोपले.

यजमानांच्या घमेल्याचं काय करायचं? द्राक्षाच्या बागेतली माती नको. ठामपणे नको. बागेला वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याची बोर्डो फवारणी होते, त्यातलं तांबं मातीत साठत जातं. वर बुरशीनाशकं, कीटकनाशकं, शेणखत. शेणखत झाडाला उत्तम, पण धनुर्वाताचे बीजाणू अशाच मातीत असतात, आणि ते इतके चिवट की तव्यावर भाजून किंवा उकळून मरतील याचा भरवसा नाही. पावसाळ्यात आणखी एक भीती. ओल्या मातीत, भातखाचरांत मेलिऑइडोसिस नावाच्या रोगाचे जंतू असतात. आपल्याकडे त्याचे रुग्ण कर्नाटक-केरळच्या किनारपट्टीवर जास्त दिसतात, निफाडला तो धोका कमी. पण या रोगाचं पहिलं गिऱ्हाईक मधुमेहीच असतं, म्हणून कानावर घालते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर तेही घेऊन टाका, शेतावर राहणाऱ्याने ते घ्यावंच.

इथे कुणी म्हणेल, कोल्हापूरचे पैलवान जन्मभर मातीत लोळतात, त्यांना काय होतं? तालमीतली माती ही कुठलीही माती नसते, बरं का. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर घालून ती मुरवतात, रोज खणून वरखाली करतात, आणि तिच्यात उतरणारा गडी विशीतला असतो, पायाला मुंगी चावली तरी कळणारा.

निसर्गोपचाराची मंडळी माती घेतात ती न पिकवलेल्या, न फवारलेल्या जागेतून, तीन-चार फूट खोलवरची. ती उन्हात वाळवून, कुटून, चाळून, रात्रभर भिजवून वापरतात. हा खटाटोप करण्यापेक्षा घरासाठी निसर्गोपचार केंद्रातून तयार माती आणा, किंवा सुवास न घातलेली साधी मुलतानी माती घ्या.

घरी गुडघ्याला लावायची रीत सांगते. रात्री माती पाण्यात भिजवा. सकाळी ती थालीपिठाच्या पिठाएवढी घट्ट असावी, ओघळता कामा नये. जुन्या धोतराचं किंवा पंच्याचं फडकं घ्या, मध्ये अर्धा इंच जाडीचा थर पसरा आणि चारी बाजूंनी घडी घालून पुडी करा. माती थेट अंगाला लावण्यापेक्षा ही पुडी बरी, धुवायचा व्याप वाचतो. गरम करायची तर मातीचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून करा. गॅसवर थेट नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच, तिथे एखादा गोळा आतून चटका देणारा निघतो. किती गरम झालं हे तुम्ही ठरवायचं नाही. यजमानांनी किंवा लेकीने कोपर टेकवून बघायचं, आणि कोपराला सुखावह वाटेल तेवढंच. मग वीस मिनिटं, घड्याळ लावून. दर पाच मिनिटांनी पुडी उचलून खालची कातडी बघा, गुलाबी ठीक, लालभडक झाली तर काढा. कुठे ओरखडा, पुरळ, फुगलेल्या शिरा असतील तर तो भाग सोडा. चालून आल्यावर गुडघा सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल त्या दिवशी शेक नको, थंड पुडी ठेवा. एक पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली तर मात्र काहीच न लावता डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते.

वापरलेली माती मोरीत ओतू नका, नळी तुंबते. बादलीत धुऊन ते पाणी झाडाला घाला.

आणि पुडी काढली की लगेच उठून कामाला लागू नका, कारण खरा फायदा त्यानंतरच्या दहा मिनिटांत आहे. शेकाने गुडघा मोकळा झालेला असतो, तेव्हा व्यायाम दुखत नाही. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, मनात सहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. नंतर एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला, थांबा, सावकाश खाली आणा. शेवटी घट्ट खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, सुरुवातीला टेबलाचा आधार चालेल. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. मातीने हे होत नाही, औषधानेही होत नाही. शेक फक्त याची वाट मोकळी करतो. वजनाचं गणितही तुमच्या बाजूचं आहे: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार कमी होतो. जमिनीवर बसून भाजी निवडणं, उकिडवं बसणं तेवढं बंद करा.

आता जायचं की नाही.

तुमच्या जाऊबाईंना बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दहा दिवस चहा-बिस्किट नाही, संध्याकाळी लवकर जेवण, रोजचं चालणं, रात्री वेळेवर झोप, आणि मुख्य म्हणजे ‘आज भाजी काय करू’ हा प्रश्न नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीचा पोटावर आणि गुडघ्यांवर परिणाम होतो. पोटावरची पट्टीसुद्धा बाईला सकाळी वीस-पंचवीस मिनिटं गुपचूप पडून राहायला लावते. घरी तुम्ही शेवटच्या अशा कधी पडून राहिलात?

तुम्हाला माती हवीय त्याहून जास्त ही सुट्टी हवीय, असं तुमच्या पत्रातूनच दिसतंय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग ती सुट्टी म्हणूनच मागा. ‘गुडघ्यांचा उपचार’ असं नाव देऊन गेलात तर परत आल्यावर घरचे विचारतील, इतका खर्च केला, गुडघे का दुखतात अजून? ‘मला आठवडाभर विश्रांती हवी आहे’ असं म्हणून गेलात तर असा हिशेब कुणी मागणार नाही. यजमानांना मातीचं घमेलं आणायचा उत्साह आहेच, तो आठवडाभर खिचडीच्या पातेल्याकडे वळवता येईल.

जागा निवडायची झाली तर मी ‘मड डिटॉक्स’वाल्या रिसॉर्टपेक्षा जुन्या आश्रमाकडे किंवा निसर्गोपचाराच्या रुग्णालयाकडे झुकेन. तिथे सहसा खर्च कमी, थाट कमी, आणि तपासायला डॉक्टर असतो. कुठेही गेलात तरी फोनवर आधी विचारा की दाखल करताना तपासणार कोण. बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, ती असलेला डॉक्टर तिथे रोज असतो की फक्त बोर्डावर? साखर आणि रक्तदाब रोज मोजतात का? रात्री साखर उतरली तर जवळ कोण असतं? आणि माती प्रत्येकाला नवी देतात, की टबातला तोच चिखल पाहुण्यामागून पाहुण्याला? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला तर फोन ठेवून द्या.

टबात गळ्यापर्यंत बुडायचं मातीस्नान मात्र तुम्ही करू नका, तळपायांची तपासणी नीट निघाली तरी यंदा नको. त्यातून उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, न्हाणीघराची फरशी चिखलाने निसरडी झालेली असते, आणि बधिर पायाला घसरतंय हे उशिरा कळतं. ५८ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर गुडघे परवडले म्हणायची पाळी येते. पोटावर पट्टी घ्या, डोळ्यांवर घ्या, गुडघ्यांवर घ्या. अंगाला आराम देणारा मसाज हवा असेल तर तोही घ्या, फक्त पाय दाबणाऱ्या मुलीला बधिरतेचं आधी सांगा.

लेकीने पैसे भरून टाकले असतील तर तिच्यावर रागावू नका, तारीख पुढे ढकलता येते का ते विचारायला सांगा. पायांची तपासणी, मूत्रपिंडांची तपासणी आणि गोळ्यांची चिठ्ठी, ही तिन्ही कामं आधी होऊ द्यात. गोळ्यांची नावं मला कळवलीत तर उपासाबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते पुढच्या अंकात लिहीन.